रूपाची चिंता आणि स्वरूपाचा विसर

(शिवरे, ता. भोर, जि. पुणे येथे संक्रांतीच्या हळदी-कुंकवासाठी एकत्र आलेल्या माता-भगिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



काळ्या रंगाला मान मिळावा असा सण वर्षात एकच, तो म्हणजे संक्रांत. एरवी शुभकार्यात वर्ज्य मानलेले काळे वस्त्र या दिवसांत हौसेने नेसले जाते. नव्या सुनेला काळी चंद्रकळा घेतली जाते आणि तिच्या अंगावर शुभ्र हलव्याचे दागिने चढवले जातात. काळ्या वस्त्रावर तो हलवा खुलून दिसतो आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिची दृष्ट काढतात. हीच सून घरात आणताना मात्र तिच्या वर्णाची चौकशी झालेली असते. वस्त्र काळे चालते, हौसेने चालते. पोर काळी असली की बोलणी पुढे सरकत नाहीत.

"मुलगी तशी सावळी आहे, पण नाकी-डोळी नीटस आहे." हे वाक्य ज्या घरात कधीही उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. उलट मुलीची बाजू सावरून घेण्यासाठीच तो बोलत असतो. परंतु त्या वाक्यातील 'पण' हा दोन अक्षरांचा शब्द दाराआड उभ्या असलेल्या मुलीच्या कानावर पडतो आणि तिच्या मनात घर करून राहतो. आपल्यात काहीतरी उणे आहे आणि ते भरून काढण्यासाठी नाक, डोळे, शिक्षण, नोकरी, स्वयंपाक असे काहीतरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालावे लागणार आहे, हे तिला त्या दिवशी कळते. स्त्रीच्या मनातील रूपाची चिंता आरशात जन्माला येत नाही. आरसा मुका असतो. बोलतात ती माणसे, आणि बहुधा घरचीच माणसे बोलतात.

घरातूनच होणारी सुरुवात

ही चिंता जन्माच्याही आधी सुरू होते. गर्भवतीला केशर घातलेले दूध देतात, ते तिच्या पोषणासाठी नव्हे, तर बाळ गोरे व्हावे म्हणून. बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून आलेल्या अनुवंशाने ठरतो, केशराने नव्हे. तरीही ही समजूत टिकून आहे. मूल जन्माला आल्यावर पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि मुलगी असेल तर दुसरा प्रश्न रंगाचा. न्हाऊ-माखू घालताना डाळीचे पीठ आणि साय चोळायची, ती त्वचा मऊ राहावी म्हणून असेल तर उत्तमच. परंतु पोरीचा रंग उजळावा म्हणून ती अंग लाल होईपर्यंत चोळली जाते. लहान मुले खेळता-खेळता गातात त्या गाण्यांतही दादाला बायको हवी ती गोरीच. ज्या वयात मुलाला मराठीतील शब्दही धड उच्चारता येत नाहीत, त्या वयात कोणता रंग हवा आणि कोणता नको हे त्याला पाठ झालेले असते.

पुढे वयात येताना उंची, जाडी, दात, चष्मा, केस यांची भर पडते. "किती किडकिडीत झाली आहेस" आणि "जरा जाड दिसायला लागलीस" ही दोन्ही वाक्ये एकाच मुलीला एकाच लग्नसमारंभात दोन वेगवेगळ्या आत्या ऐकवतात. मग विवाहाचे वय येते आणि परिचयपत्रिकेत 'वर्ण' नावाचा रकाना भरावा लागतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार शब्द मराठी समाजाने त्यासाठी घडवून ठेवले आहेत. सावळी मुलगी गव्हाळ लिहिते, गव्हाळ मुलगी निमगोरी लिहिते. प्रत्येक मुलीला स्वतःविषयी एक पायरी खोटे बोलायला लावणारा हा रकाना आहे. मुलाच्या पत्रिकेत त्या जागी बहुधा पगार आणि शेती यांचे आकडे असतात. ज्या समाजात पुरुषाची किंमत त्याच्या कर्तृत्वावर आणि स्त्रीची किंमत तिच्या कातडीवर ठरते, त्या समाजातील स्त्री चिंताग्रस्त असेल तर दोष तिच्या मनाचा म्हणता येत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. शृंगार हा दोष नव्हे. नथ, वेणी, मेंदी, पैठणीचा पदर, अंगणातील मोगऱ्याचा गजरा यांत स्त्रीने शेकडो वर्षे आनंद शोधला आहे आणि आपल्या परंपरेने तो आनंद कधी नाकारला नाही. सणाच्या दिवशी नटणे हा उत्सव आहे. चूक होते ती नटणे ही परीक्षा बनते तेव्हा. उत्सवात माणूस मोकळे होते, परीक्षेत धास्तावते. आज घरोघरीच्या मुली आरशासमोर ज्या भावनेने उभ्या राहतात, ती उत्सवाची आहे की परीक्षेची, हे प्रत्येक आईने जवळ बसून पाहण्यासारखे आहे.

परंपरा काय सांगते

गोऱ्या रंगाचे वेड हीच आपली संस्कृती, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्या देवघरात डोकावून पाहावे. पंढरीचा विठ्ठल सावळा. राम सावळा, कृष्ण तर नावानेच काळा. महाभारत रचणारे व्यास कृष्णद्वैपायन म्हणजे वर्णाने काळेच. त्याच महाभारतातील सर्वांत रूपवती स्त्री म्हणजे द्रौपदी. तिचेही नाव वर्णावरूनच 'कृष्णा' असे पडले आणि भारतवर्षातील राजे तिच्या स्वयंवराला लोटले. तुळजापूरच्या भवानीची आणि कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात कलावंतांनी मोठ्या तन्मयतेने रंगवलेली सावळी राजकन्या आजही जगभरातील अभ्यासक पाहायला येतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला तिचा वर्ण झाकावासा वाटला नाही.

मग आपले असे का झाले? गोऱ्या रंगाचे आकर्षण इंग्रजांनी आणले, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते पूर्ण सत्य नाही. उन्हात राबणारा रापतो आणि सावलीत बसणारा उजळ राहतो, म्हणून उजळ वर्ण हे सुस्थितीचे लक्षण, ही समजूत त्याआधीपासून होती. भोर-वेल्ह्याच्या या मावळपट्ट्यात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रीचा चेहरा रापणारच. त्या रापलेल्या हातांनी पिकवलेला तांदूळ शुभ्र हवा आणि तो पिकवणारी मात्र काळी म्हणून हिणवायची, हा कृतघ्नपणा आपलाच आहे. तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

इंग्रजांनी मात्र या समजुतीला शास्त्राचा मुलामा दिला, हेही तितकेच खरे. राज्यकर्ता गोरा आणि प्रजा काळी हे चित्र दीड शतक डोळ्यांसमोर राहिले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून हिंदू समाजातील जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला. नाक जितके सरळ तितकी जात उच्च, असा तो सिद्धांत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशाच मोजमापांचे आकडे हाती घेऊन वंशभेदाचा हा डोलारा कोसळवला. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी त्या आकड्यांवरूनच मांडला. आज रिस्ले यांचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण मुलगी पाहायला आलेली माणसे अजूनही तिचे नाकच पाहतात.

बाजाराने ओळखलेली दुखरी जागा

समाजाच्या मनात जखम असली की बाजाराला तिचा वास लागतो. १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' हे मलम आले. काळी म्हणून नाकारली गेलेली मुलगी मलम लावते, उजळते आणि मग तिला नोकरी मिळते, नवरा मिळतो, मान मिळतो, अशी कथा त्याच्या जाहिरातींतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. महिला संघटनांनी तक्रारी केल्यावर २००३ साली त्यांतील काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २००५ साली पुरुषांसाठीही गोरेपणाचे मलम बाजारात आले. सावळ्या वर्णाच्या व्यक्तीला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घालून दिली. अखेर २०२० मध्ये त्या पहिल्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्यात आला आणि त्या जागी 'ग्लो' आला. त्याच वर्षी विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय बंद केली. डबीवरचा शब्द बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली; डबी विकत घेणारे मन बदलायला किती लागतील, हे आपल्यावर अवलंबून आहे.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी वाहिन्या घरात आल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी ठरल्या. पुढे १९९७, १९९९ आणि २००० या वर्षांत आणखी चार भारतीय तरुणींना हे किताब मिळाले. सात वर्षांत सहा मुकुट! त्या तरुणींच्या आत्मविश्वासाचे कौतुक जरूर करावे. परंतु सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ याच काळात भारतात पाय रोवत होती, हा निव्वळ योगायोग मानणे भाबडेपणाचे होईल. १९९६ मध्ये बेंगळुरूला झालेल्या जगत्सुंदरी स्पर्धेला डाव्या-उजव्या सर्व विचारांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि आयोजकांना पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. मुकुट एकीच्याच डोक्यावर चढतो. पण त्या मुकुटासाठी ठरवलेली मापे कोट्यवधी मुलींच्या अंगाला लावली जातात.

पडद्याचा हा परिणाम किती वेगाने होतो, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर मिळाले. तेथील मूळ समाजात भरदार बांधा हे निरोगीपणाचे आणि घरच्या मायेचे लक्षण मानले जाई. तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अमेरिकी संशोधक अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये अशा मुलींचे प्रमाण ११.३ टक्के होते. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत तीन वर्षांत पालटली.

आता तर पडदा दिवाणखान्यातून तळहातावर आला आहे. छायाचित्र काढतानाच त्वचा उजळवणारी आणि चेहरा निमुळता करणारी सोय भ्रमणध्वनीत असते. पूर्वी मुलगी स्वतःची तुलना नटीशी करत असे. आता ती स्वतःच्याच खोट्या चित्राशी करते आणि त्या स्पर्धेत रोज हरते. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत पाहणीतील माहिती २०२१ मध्ये उघड झाली. आपल्या शरीराविषयी वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना अधिकच तीव्र झाल्याचे सांगितले होते. ही माहिती कंपनीच्या हाती होती; घराघरांतील आयांच्या हाती मात्र नव्हती.

डबीतले विष

हा प्रश्न केवळ मनाचा राहिलेला नाही, तो शरीरावर आला आहे. रंग उजळवणाऱ्या अनेक बनावट मलमांत पारा असतो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून काही आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. परंतु तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांना असेच मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण प्रचंड आढळले. एका घरातील आई आणि मुली एकाच डबीतून चेहऱ्याला मलम लावत होत्या! भारतीय नियमांनुसार अशा प्रसाधनात पाऱ्याचा अंश दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये.

दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. खाज, नायटा अशा विकारांवर डॉक्टरांनी थोडे दिवस लिहून दिलेले मलम मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावले जाते. आरंभी त्वचा उजळते. पुढे ती पातळ होते, लाल पडते, पुरळ येतात, नको तेथे केस उगवतात आणि मलम थांबवले की आग होते. त्वचारोगतज्ज्ञांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्यावर निर्बंध आणले. कायदा झाला, पण दुकानात जाऊन ते मागणारा हात घरातलाच असतो.

जे मेलॅनिन घालवण्यासाठी हा आटापिटा चालतो, ते वस्तुतः सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करणारे कवच आहे. उष्ण प्रदेशात राहणाऱ्या माणसाला निसर्गाने दिलेले ते वरदान आहे. या सगळ्यात एक दुर्दैवी विसंगतीही दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. चेहरा गोरा व्हावा म्हणून पैसे खर्च होतात आणि तोच चेहरा रक्ताअभावी पांढरा पडला आहे, हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. मलमाच्या डबीच्या पैशांत गूळ-शेंगदाणे, नाचणी, पालेभाजी किती येईल, याचा हिशेब प्रत्येक घराने करावा. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले जेवणारी गृहिणी तजेलदार दिसावी कशी?

जेथे कायदा पोहोचत नाही

शिवरे गाव ज्या महामार्गावर आहे तो पुढे साताऱ्याला जातो. त्या सातारा जिल्ह्यात जानेवारी १९९५ मध्ये बावीस वर्षांच्या एका विवाहितेने विहिरीत उडी घेऊन जीव दिला. नवरा काळ्या रंगावरून टोमणे मारतो आणि दुसरे लग्न करण्याची धमकी देतो, सासरा स्वयंपाकावरून बोलतो, असे तिने माहेरी सांगितले होते. १९९८ मध्ये खालच्या न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. हे घरगुती भांडण होते, कायद्याला अभिप्रेत असलेल्या क्रूरतेच्या पातळीला ते पोहोचत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

न्यायालय पुराव्यावर आणि कायद्याच्या शब्दांवर चालते, त्याची ती मर्यादा आहे. परंतु समाजाला तशी मर्यादा नाही. ज्याला कायदा गुन्हा म्हणत नाही त्याला समाज पाप म्हणू शकतो. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. मात्र "पोरीचा रंग असा, तेव्हा लग्न जरा थाटात करून द्या" हे वाक्य कोणत्याही कलमात सापडत नाही. ते थांबवायचे तर बैठकीत बसलेल्या चार माणसांपैकी एकाने उठून "हे बोलणे शोभत नाही" असे म्हणावे लागेल. घरात सुनेच्या रंगावरून शब्द निघाला की सासूने तो तेथेच अडवावा लागेल. त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या घरी असा एक जरी माणूस बोलला असता, तर कदाचित तिचे पाऊल विहिरीकडे वळले नसते.

तीन आदर्श आणि एक प्रश्न

अहिल्यादेवी होळकरांविषयीची एक हकिकत या संदर्भात आठवावी अशी आहे. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने मध्य भारतावरील आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात ती नोंदवली आहे. अहिल्यादेवी मध्यम उंचीच्या, कृश आणि सावळ्या वर्णाच्या होत्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपाने देखण्या. अहिल्यादेवींची कीर्ती ऐकून त्यांनी आपल्या एका दासीला अहिल्यादेवी दिसतात कशा हे पाहायला पाठवले. दासी परत आली आणि तिने सांगितले, की नाक-डोळे काही सुंदर म्हणावेत असे नाहीत, पण मुखावर दिव्य तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातील तेवढाच पहिला भाग ऐकला आणि ती सुंदर नाही म्हणतेस ना, असे म्हणून समाधान मानले.

या हकिकतीत रूपाची चिंता कोणाला होती, हे लक्षात घ्यावे. सावळ्या अहिल्यादेवींना ती नव्हती. त्या माहेश्वरी बसून न्यायनिवाडे करत होत्या, घाट आणि मंदिरे बांधत होत्या, विणकरांना आश्रय देऊन माहेश्वरी वस्त्रांची परंपरा उभी करत होत्या. चिंता होती ती देखण्या आनंदीबाईंना. रूप मिळाले म्हणजे चिंता संपते असे नाही. रूपावरच स्वतःचे मोल ठरवले की दुसरीच्या तेजाचीही भीती वाटते.

१९३६ साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर तथा वंदनीय मावशींनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. समितीने मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहिल्याबाई आणि नेतृत्वासाठी झाशीची राणी लक्ष्मीबाई हे तीन आदर्श स्त्रियांपुढे ठेवले. यांतील एकीचीही निवड रूपासाठी झालेली नाही. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. त्यांचा राज्यकारभार त्यानंतरचा. लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव १८५३ मध्ये निवर्तले. त्यांचा संग्राम त्यानंतरचा. शहाजीराजांचे निधन जानेवारी १६६४ मध्ये झाले. जिजाऊ सती जायला निघाल्या, पण शिवरायांनी त्यांना परावृत्त केले. याच भागातील राजगड तेव्हा स्वराज्याची राजधानी होता. १६७४ च्या राज्याभिषेकाला ज्या राजमातेचे आशीर्वाद लाभले, त्या दहा वर्षांच्या विधवा होत्या.

या तिघी जणी आज हळदी-कुंकवाला आल्या, तर त्यांच्या कपाळाला कुंकू लावले जाईल काय?

स्त्रीने कसे दिसावे हे समाजाने ठरवण्याची सर्वांत कठोर रीत म्हणजे वैधव्याची रीत. एकीकडे सुंदर दिसलेच पाहिजे हा धाक, दुसरीकडे आता चांगले दिसायचेच नाही हा धाक. दोन्ही धाक एकाच मुळातून येतात. स्त्रीचे रूप तिचे स्वतःचे नाही, ते नवऱ्यासाठी आहे, ही समजूत ते मूळ होय. याच महाराष्ट्रात विधवांचे केशवपन होत असे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांच्या केसांना वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला. १८९६ मध्ये महर्षी कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्या आश्रमासाठी गावोगाव आणि पुढे परदेशातही फिरून निधी जमवणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचे तरुणपणी वैधव्यामुळे केशवपन झाले होते. प्रौढ वयात त्यांनी ती रूढी झुगारून पुन्हा केस राखले. या सुधारणांनी हिंदू धर्म बुडाला नाही, तो अधिक निर्मळ झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे प्रकार गावात होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हेरवाड काही महानगर नव्हे. शिवऱ्यासारखेच एक गाव आहे.

संकल्प

मोठी भाषणे ऐकून घरी जायचे आणि पुन्हा "पोरगी सावळी आहे, पण..." असे म्हणायचे, यातून काही साधणार नाही. संक्रांतीला वाण लुटण्याची पद्धत आहे. यंदाच्या वाणात चार छोटे संकल्प जोडता येतील. घरातील विवाहाच्या परिचयपत्रिकेतून 'वर्ण' हा रकाना काढून टाकायचा. आपल्या मुलीच्याही आणि समोरून येणाऱ्या पत्रिकेतही तो विचारायचा नाही. मुलींच्या रंग, उंची, जाडी यांवरून घरात शब्द काढायचा नाही. कौतुक करायचे ते तिच्या अभ्यासाचे, हातातील कलेचे, धिटाईचे. डबीवर घटकांची नावे आणि उत्पादकाचा पत्ता नसलेले कोणतेही मलम चेहऱ्याला लावायचे नाही. त्याऐवजी वर्षातून एकदा आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यायचे आणि सुनेचे ताट सर्वांबरोबर मांडायचे. आणि चौथा संकल्प आजच, याच ठिकाणी करायचा.

दाराजवळ, मागच्या बाजूला काही भगिनी बसल्या आहेत. तबक आपल्यापर्यंत येणार नाही, या सवयीनेच त्या तेथे बसल्या आहेत. आज तबक आधी त्यांच्याकडे जावे. त्यांच्या कपाळाला हळद-कुंकू लागावे, हातावर तिळगूळ पडावा, पहिले वाण त्यांना मिळावे. जिजाऊंच्या मुलखातील स्त्रियांना यासाठी कोणाची परवानगी घेण्याचे कारण नाही.